डॉक्टरीणबाईंच्या घराचा अकरावा फोटो

"घर पुढे आलंय!" ससुली किंचाळली आणि तिच्या हातातली कात्री टेबलाखाली जाऊन पडली.

"घरं पुढे येत नसतात," फौजदार मान वर न करता म्हणाली. "मुकाट्यानं कडा काप."

"अगं, बघ तरी! मागच्या वर्षी घर एवढंसं होतं, आता केवढं झालंय! आणि मागची टाकी? टाकी कुठे गेली?"

मामाच्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत तिघं कामाला बसली होती. तिघं म्हणजे सुट्टीला आलेली ससुली, तिची मामेबहीण फौजदार आणि तिचा मामेभाऊ मुंगूस. फौजदार तेरा वर्षांची. ती हुकूम सोडायची आणि बाकीचे ऐकायचे. मुंगूस नऊ वर्षांचा, आणि मावेल त्या भोकात शिरल्याशिवाय त्याला चैन पडायचं नाही. ससुली मधली, बारा वर्षांची. कुठे खुट्ट झालं की हिचे कान टवकारलेच! शेजारच्या घरी भांडं पडलं तरी ही इथे दचकायची. त्यावरून सगळे तिला हसायचे आणि ती स्वतःही हसायची, पण भीती काही कमी व्हायची नाही.

टेबलावर डॉक्टरीणबाईंच्या घराचे अकरा फोटो ओळीनं मांडले होते. शंभर वर्षांपूर्वी मोठी साथ आली तेव्हा या घरात राहणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सारं गाव वाचवलं होतं. घरासमोरच्या बागेत त्यांच्या आठवणीचा उंच काळा दगड उभा होता. वारसा कार्यालयासाठी मामा दरवर्षी त्या दगडापाशी उभा राहून घराचा फोटो काढायचा. दगडाच्या चौथऱ्यावर त्यानं तीन पितळी खिळे ठोकून ठेवले होते. खिळ्यांवर ट्रायपॉडचे तीन पाय टेकले की झालं! दरवर्षी तीच जागा, तीच उंची, तोच कॅमेरा. घराचं एक कौल जरी हललं तरी फोटोत दिसलंच पाहिजे, असं मामा अभिमानानं सांगायचा.

दहा फोटोंत घराच्या छपरामागून पाण्याच्या टाकीचं टोपण डोकावत होतं. अकराव्यात नव्हतं.

"टाकी पाडली असेल," मुंगूस म्हणाला.

फौजदारनं खिडकीचा पडदा सरकवला. लांबवर टाकी होती तशी उभी होती. ससुलीच्या अंगावर सर्रकन काटा आला.

मामाला विचारलं तर तो हसला. "लेन्स बदललीय गं यंदा. घर मोठं दिसणारच."

"पण मामा, लेन्सनं घर मोठं दिसलं तर टाकीपण मोठी दिसेल ना? नाहीशी कशी होईल?"

"अकरा वर्षं मी त्या खिळ्यांवर उभा राहतोय, ससुले. मला शिकवतेस?" मामानं तिच्या डोक्यावर टपली मारली. "उद्या शताब्दीचा कार्यक्रम आहे, मला श्वास घ्यायला वेळ नाही. पळा!"

तिघं पळाली, पण थेट डॉक्टरीणबाईंच्या घराकडे.

दोन महिने बाग पत्रे ठोकून बंद होती. नवे नळ टाकायचं काम चाललं होतं. मागच्या आठवड्यातच ती उघडली होती आणि आता सगळं कसं चकचकीत झालं होतं. नवी हिरवळ, रंगवलेली बाकं, फुलांच्या कुंड्या. घर मात्र तसंच होतं, बुटकं, रुंद व्हरांड्याचं, हिरव्या दारांचं. दुपारची वेळ असल्यामुळे बागेत चिटपाखरू नव्हतं.

ससुली दगडापाशी उभी राहिली. छपरामागे टाकी दिसत नव्हती. तिनं मागच्या वर्षीचा फोटो डोळ्यांसमोर धरला.

"मागे सरक," फौजदारनं हुकूम सोडला. "टाकी दिसायला लागली की थांब. म्हणजे मामा आधी कुठे उभा राहायचा ते कळेल."

"मी एकटीच?"

"मग काय वाजतगाजत नेऊ तुला?"

ससुली मागे सरकू लागली. एक पाऊल, दोन पावलं, तीन. नजर छपरावर. पाच. सहा. छपराच्या रेषेवर काहीतरी राखाडी उगवलं. सात. आठ. टाकीचं टोपण हळूहळू वर येत होतं, पण पायाखालची जमीन आता जमिनीसारखी लागत नव्हती.

"नऊ!" ती ओरडली. टाकी फोटोतल्यासारखी तंतोतंत दिसली आणि त्याच क्षणी तिच्या टाचेखाली हिरवळ मऊ गादीसारखी दबली. खालून लाकडाचा कर्रर्र असा आवाज आला.

"हलू नकोस!" फौजदार ओरडली.

हलणार कशी? तिचे पाय जागच्या जागी गोठले होते. "ताई, खाली काहीतरी आहे," एवढंच ती पुटपुटली.

"आडवी हो. पोटावर. आणि हळूहळू सरपटत ये."

ससुली आडवी झाली. नाकात ओल्या गवताचा आणि त्याखालून कसल्यातरी कोंदट, थंड हवेचा वास शिरला. मांजर पावलांनी चालतं तशी ती कोपरांनी चालत पुढे आली. फौजदारनं तिला मनगटाला धरून ओढून घेतलं. दगडापाशी पोचल्यावर ती रडली, आणि रडल्याची तिला मुळीच लाज वाटली नाही.

मुंगूस तोवर हिरवळीच्या कडेला पालथा पडला होता. "ए, ही हिरवळ खोटी आहे! सतरंजीसारखी अंथरलीय! खाली प्लायवूड आहे!" दोन फळ्यांच्या मधल्या फटीतून त्यानं एक खडा आत सोडला. "एक... दो—"

डुबुक!

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. फौजदारचाही चेहरा पांढराफटक पडला होता आणि ससुलीला त्याचीच सगळ्यात जास्त भीती वाटली.

"पाणी आहे," मुंगूस कुजबुजला. "खोल!"

ससुलीनं मागे वळून दगडावरची अक्षरं वाचली. ती सगळ्या गावाला पाठ होती. 'साथीच्या वर्षी डॉक्टरीणबाईंनी याच जागेवरून साऱ्या गावाला शुद्ध पाणी दिले.' दरवर्षी कुणीतरी ती मोठ्यानं वाचायचं, टाळ्या व्हायच्या. पण ते पाणी आलं कुठून, हे कुणी विचारलंच नव्हतं!

"हौद!" ती म्हणाली. "जमिनीखालचा हौद. दगड त्याच्यावरच उभा होता. नळ टाकताना हौदाचं छत फुटलं असणार. मग त्यांनी दगड चौथऱ्यासकट उचलून नऊ पावलं पुढे ठेवला आणि भोक झाकलं!"

फौजदारनं चौथऱ्याच्या बुडाशी बोट फिरवलं. तिथलं सिमेंट कोरं करकरीत होतं.

"आणि उद्या," मुंगूस हळूच म्हणाला, "आमचं गाणं याच हिरवळीवर आहे. दगडाच्या मागे, बाकांवर, तीन रांगांत. सरांनी कालच दाखवलं."

"किती जण आहात तुम्ही?"

"बत्तीस."

ससुली एकटी उभी राहिली तर फळी कुरकुरली होती!

"काय चाललंय रे तिकडे?"

तिघं टुणकन उठली. पांढरे बूट, डोक्यावर काळा चष्मा आणि हातात दोन फोन. बागेचं काम करणारा ठेकेदार त्यांच्याकडेच येत होता. वाकडी वाट करून, हिरवळीला वळसा घालून! ससुलीनं ते बरोबर टिपलं.

"काका, इथे खाली पोकळ आहे," फौजदार म्हणाली. "उद्या मुलं इथे उभी राहणार आहेत."

"पोकळ तुझं डोकं! पक्का भराव घातलाय तिथे." मग तो खाली वाकला आणि आवाज बारीक करून म्हणाला, "फोटोवाल्याची पोरं ना तुम्ही? पुन्हा इथे दिसलात तर हिरवळ तुम्हीच उकरली म्हणून सांगेन. मग पुढच्या वर्षी तुमच्या फोटोवाल्याला कोण बोलावतंय ते बघू!"

पोरं स्टुडिओत धापा टाकत पोचली. त्यांनी मामाला खेचतच बागेत आणलं, पण तोवर पाच वाजले होते. फाटकावर रखवालदार बसवला होता. हिरवळीभोवती दोरी बांधली होती आणि फळ्यांच्या कडांवर कुंड्या मांडून फटी झाकल्या होत्या. ठेकेदारानं मामाला चहा पाजला, पाठीवर हात ठेवला आणि खिशातून एक कागद काढला. 'जमिनीची पाहणी केली. भराव पक्का आहे.' खाली वारसा कार्यालयाच्या मॅडमची सही आणि शिक्का.

"मॅडमनी स्वतः पाहिलंय?" मामानं विचारलं.

"सही दिसतेय ना साहेब?"

मामानं मान डोलावली. शिक्का बघितला की मोठ्या माणसांचे डोळे मिटतात, हे ससुलीला त्या दिवशी कळलं.

"मामा, तू फक्त एकदा तिथे पाय ठेवून बघ ना!" ती म्हणाली आणि लगेच घाबरून म्हणाली, "नाही, नको, ठेवू नकोस!"

"पुरे झालं!" मामा चिडला. "माझे खिळे चुकले म्हणतेस, मॅडमची सही चुकली म्हणतेस. उद्या सगळं गाव जमणार आहे. तिथे काही तमाशा केलात तर याद राखा!"

मामी असती तर तिनं निदान ऐकून घेतलं असतं. पण ती नर्स. तिची हॉस्पिटलात ड्यूटी होती आणि सकाळी ती तिथूनच परस्पर कार्यक्रमाला येणार होती. फोन केला तर कुणीतरी दुसरंच म्हणालं, "सिस्टर ऑपरेशनमध्ये आहेत."

"तू उद्या जाऊ नकोस," ससुली मुंगसाला म्हणाली. "पोट दुखतंय म्हण."

मुंगूस कधी नव्हे तो गंभीर झाला. "मी नाही गेलो, ससुताई, तरी एकतीस जण उभे राहतीलच ना?"



सकाळी साडेनऊला बाग गच्च भरली. खुर्च्यांवर पाहुणे बसले होते. पहिल्या रांगेत मॅडम आणि त्यांच्या शेजारी पांढरे बूट घातलेला ठेकेदार. भाषणांच्या आधी सगळ्यांचा एक मोठा फोटो काढायचा होता. त्यासाठी मामानं व्हरांड्याच्या पायऱ्यांवर ट्रायपॉड लावला होता. इथून समोर दगड दिसायचा आणि त्याच्या मागे गाणाऱ्या मुलांची रिकामी बाकं. हिरवळीभोवतीची दोरी काढून टाकली होती.

फौजदारनं गाण्याच्या सरांना गाठून सगळं सांगितलं. सर पेटीचा सूर लावत म्हणाले, "छान गोष्ट आहे हं, शाळेच्या अंकात लिही!" मग ती मॅडमकडे गेली. मॅडम फोनवर होत्या, त्यांनी नुसतं हातानं थांब म्हटलं. फौजदारनं त्यांची बाही ओढली. ठेकेदारानं तिला दंडाला धरून बाजूला केलं. "लहान आहे, गर्दीत घाबरलीय," तो मॅडमना हसत म्हणाला.

इतक्यात मामाच्या कॅमेऱ्याची बॅटरी संपली. "ससुले, इथे उभी राहा. कशाला हात लावू नकोस, नुसतं बघ कोण चौकटीत येतंय, कोण नाही. मी आतून बॅटरी घेऊन आलोच!" असं म्हणून तो घरात पळाला.

ससुली पायरीवर उभी राहिली. समोर बत्तीस मुलं पांढऱ्या कपड्यांत रांगेनं निघाली होती. पहिली रांग दगडाला वळसा घालून हिरवळीकडे वळली. सगळ्यात पुढे मुंगूस होता! तो मुद्दाम मुंगीच्या पावलानं चालत होता आणि मागची मुलं त्याला ढकलत होती.

ओरडावं तर सगळं गाव बघेल, मामा रागवेल, ठेकेदार आहेच. आणि 'जमीन पोकळ आहे' म्हणून ओरडलं तर ऐकणार कोण? फौजदारसारख्या फौजदाराचं कुणी ऐकलं नव्हतं!

मग तिला मामाचं रोजचं काम आठवलं. लग्न असो, बारसं असो, मोठमोठी माणसं मामासमोर कशी निमूट उभी राहतात! सरका म्हटलं की सरकतात, हसा म्हटलं की हसतात. घरात कुणाचं न ऐकणारी माणसंसुद्धा फोटोवाल्याचं ऐकतात. ससुलीनं कॅमेऱ्यामागे डोकं घातलं, डोळे घट्ट मिटले आणि मामाच्या आवाजात ओरडली,

"मुलं चौकटीत येत नाहीयेत! सगळी पुढे! दगडाच्या पुढे!"

पेटीवरचे सर लगबगीनं उठले. "ऐकलंत ना? पुढे या, पुढे या!"

मुंगसानं टुणकन उडी मारली आणि सगळी रांग त्याच्यामागून दगडाच्या पुढे येऊन उभी राहिली. ससुलीनं एक डोळा उघडला. खरंच आली होती!

"अजून पुढे! पहिली रांग पायऱ्यांपाशी! उंच मुलं मागे, पण दगडाच्या पुढेच!"

"अहो, मुलं मागे बाकांवर उभी राहायची ठरलंय!" ठेकेदार खुर्चीतून उठला. त्याच्या कपाळावर घाम चमकत होता. "ही पोरगी काय फोटो काढणार? मुलांनो, पुढे कशाला? व्हा तिकडे मागे!"

दोन-तीन मुलं मागे वळली. आता काय करायचं? पण भ्यालेल्या माणसाला दुसऱ्याचं भ्यालेपण बरोबर ओळखू येतं. काल वळसा घालून आलेले ते पांढरे बूट तिला आठवले.

"काका!" तिचा आवाज चिरकला. "बाग तुम्ही केलीत ना? मग तुमचा मानाचा फोटो आधी! तुम्ही एकटे मागच्या हिरवळीवर उभे राहा. मधोमध!"

"वा! अगदी बरोबर," मॅडम फोन ठेवत म्हणाल्या. "जा ना हो, लाजता कशाला?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. ठेकेदार हलला नाही.

"मी... मला फोटो आवडत नाहीत."

"काल तर तुम्ही स्वतःचे चार फोटो काढून घेतलेत," मामा व्हरांड्यातून म्हणाला. बॅटरी हातात घेऊन तो दारात उभा होता. त्यानं ससुलीकडे पाहिलं, मग हिरवळीकडे, मग मान वळवून छपराकडे. पायऱ्या उतरून तो दगडाजवळ गेला आणि आपल्या पितळी खिळ्यांपाशी उभा राहून त्यानं टाकी शोधली. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"अहो, इतकं काय त्यात? मीच येते तुमच्याबरोबर!" मॅडम उठल्या आणि हसत हसत हिरवळीकडे निघाल्या. एक पाऊल राहिलं होतं. त्यांची चप्पल गवतावर टेकणार, एवढ्यात—

"मॅडम, नको!" ठेकेदार किंचाळला. "नका जाऊ! खाली हौद आहे!"



मामानं मॅडमना दंडाला धरून मागे ओढलं. मग बांबू घेऊन त्यानं हिरवळीच्या बाहेरूनच मागच्या रांगेचं बाक ढकललं. बाक दोन हात सरकलं, डुललं आणि काडकन आवाज होऊन फळी, गवत, कुंड्या सगळं एकदम खाली गेलं. क्षणभरानं खालून पाणी उसळल्याचा आवाज आला. काळं भोक वासून पडलं होतं. कुणाची तरी मुलगी रडू लागली आणि बऱ्याच आया खुर्च्या पाडत धावल्या.

त्यात मामी होती. अंगावर अजून हॉस्पिटलचाच गणवेश होता. तिनं मुंगसाला ओढून घेतलं आणि त्याच्या डोक्यावरून, पाठीवरून, हातांवरून हात फिरवत राहिली, जणू त्याला कुठे लागलंय ते शोधत होती.

ठेकेदार खुर्चीत डोकं धरून बसला होता. छत फुटलं तेव्हा सांगितलं असतं तर काम थांबलं असतं, म्हणून त्यानं दगड हलवला. कार्यक्रम उरकला की भरून टाकू, असं त्यानं ठरवलं होतं. मुलांच्या बाकांची जागा दुसऱ्याच कुणी ठरवली आणि मग त्याला तोंड उघडायचा धीर झाला नाही. मॅडमनी त्याच्याकडून तो कागद मागून घेतला आणि स्वतःच्या सहीकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या.

"मी जागेवर आलेच नव्हते," त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या. "ऑफिसात बसून सही केली. चूक त्यांची आहे आणि माझीही आहे. या तीन मुलांनी पाहिलं नसतं तर..."

मामा ससुलीपुढे गुडघ्यावर बसला. "मी खिळ्यांकडे बघितलं, ससुले. अकरा वर्षं खिळ्यांकडेच बघत होतो. तू फोटोकडे बघितलंस."

"शाब्बास! काय धीट मुलगी आहे!" लोक म्हणत होते. फौजदारच्या आणि मुंगसाच्या पाठीवर एवढ्या थापा पडत होत्या की मुंगूस अंग चोरून मामीच्या मागे लपला.

"मी धीट नाहीये," ससुली म्हणाली. "मला अजून भीती वाटतेय."

मामीनं तिलाही कुशीत ओढलं.

भोकाभोवती दोर बांधले आणि सगळे बागेच्या फाटकापाशी, फरशीवर गोळा झाले. गाणं तिथेच झालं. सूर हलत होते, मधेच कुणीतरी मुसमुसत होतं, पण कडवी एकही गाळली नाहीत. मामानं कॅमेरा लावून ससुलीला पुढे केलं. "हा फोटो तू काढ."

तिनं डोळा लावला. चौकटीत पांढरे कपडे दिसत होते. तिनं डावीकडून मोजायला सुरुवात केली. मधेच एक मुलगा वाकला तेव्हा तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं.

"काढ की गं!" फौजदार ओरडली. "गाणं संपेल!"

"थांब," ससुली म्हणाली.

तीस. एकतीस. बत्तीस.

मग तिनं बटण दाबलं.